केडगावचे मुक्ती मिशन : १८९३ नंतर काय झाले?

भीमथडी

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे लिखाण १८९३ सालापाशी येऊन थबकते. शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेतल्या मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग बाई केडगावला गेल्या, तिथे मिशन काढले, बायबलचे भाषांतर केले, हे सगळे दोन ओळींत उरकले जाते.

१८९३ नंतर रमाबाई २९ वर्षे जगल्या. त्या वर्षांत त्यांनी दौंडकडच्या कोरडवाहू माळावर जवळजवळ दोन हजार बायका-मुलींची वस्ती उभी केली आणि पोसली. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच आहे. पुणेरी वादाच्या गदारोळात ते आपल्या नजरेआड झाले. म्हणून हा धागा त्या कामाबद्दल, संस्थेबद्दल काढतो आहे.

आधी जागा सांगतो, कारण गोंधळ होतो. हे केडगाव नगरशेजारचे नव्हे. पुणे-दौंड लोहमार्गावरचे, नारायण महाराजांच्या बेटामुळेही लोकांना ठाऊक असलेले.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आले. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. पैसा अमेरिकेतून येई. रमाबाईंची व्याख्याने ऐकून १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती आणि तिने दहा वर्षांपुरती मदतीची हमी घेतली होती. गावोगावच्या बायका मंडळे करून वर्गणी गोळा करत. संस्था कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, ही अट होती. सोवळ्याची सोयही होती. १८९३चा वाद पेटला तो या अटीवरून.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, ही चिंता बाईंना आधीपासून होती. देणग्यांवर संस्था कायमची चालणार नाही, तिला स्वतःचे उत्पन्न हवे, असे त्यांनी ठरवले. केडगावला जमीन घेतली ती फळबाग करून सदनाचा खर्च भागवण्यासाठी. मिशन काढायचे म्हणून ती जमीन घेतलेली नव्हती, हे फारसे कुणी सांगत नाही.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला.

रमाबाईंनी दुष्काळ अंगावर काढलेला होता. १८७०च्या दशकात दक्षिणेत भटकताना आई, वडील आणि मोठी बहीण पाठोपाठ गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि अर्धपोटी चालत राहिले. त्यामुळे मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रे आणि दुष्काळी कामे पाहिली. तिथे तरण्या पोरींची काय दशा होते, मुकादम आणि दलाल त्यांना कसे हेरतात, हे त्यांनी पाहिले आणि स्पष्ट शब्दांत लिहून प्रसिद्ध केले. तिकडून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या.

त्या वेळी पुण्यात प्लेग सुरू झालेला. शहरात इतक्या मुली एका जागी ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेले. आधी तंबू आणि झोपड्या, मग १८९८ पासून पक्के बांधकाम. त्याला नाव दिले ‘मुक्ती सदन’. हे सगळे होते आहे तोवर गुजरातेत छप्पन्नचा (संवत १९५६चा) दुष्काळ पडला. १९००च्या सुमाराला तिकडून आणखी शेकडो मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता या मुली कोण होत्या? शारदा सदनातली विद्यार्थिनी ब्राह्मणाघरची विधवा. तिच्यामागे कुटुंब होते, भाऊबंद होते, तिच्या धर्माची काळजी करणारी वर्तमानपत्रे होती. मुक्तीत आलेली मुलगी गोंडवनातल्या किंवा गुजरातेतल्या शेतकऱ्याची, मजुराची, कधी अस्पृश्य मानलेल्या जातीतली. तिच्यामागे कुणीच उरलेले नव्हते. एकाच बाईने दहा वर्षांच्या आत दोन अगदी वेगळ्या समाजांसाठी दोन अगदी वेगळ्या संस्था चालवल्या. पुण्याने यातली पहिलीच पाहिली.

दोन हजार तोंडांना रोज दोन वेळा जेवू घालायचे तर काय काय लागते, याचा विचार करून पाहा. आधी पाणी. म्हणून विहिरी खणल्या. मग धान्य, भाजीपाला, दूध, तेल. म्हणून शेती, गोठा, तेलाचे घाणे. कपडे हवेत, म्हणून हातमाग आणि शिवणकाम. शाळा अर्थातच होती. आजारी मुलींसाठी दवाखाना होता. उपासमारीने खंगून आलेल्या कितीतरी मुली इथे पोचूनही वाचल्या नाहीत, हेही नोंदवायला हवे. फसवल्या गेलेल्या, रस्त्यावर आलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’, वृद्ध आणि अपंग बायकांसाठी ‘प्रीती सदन’, मुलग्यांसाठी ‘सदानंद सदन’. पुढे शारदा सदनही इथेच आले. मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने अंध मुलींचा वर्ग चालवला. आंधळ्या मुलीला लिहावाचायला शिकवायचे, हातात काम द्यायचे, ही गोष्ट त्या काळी खेड्यात कुणाच्या मनातही आली नसती.

आणखी एक मुद्दा मांडून थांबतो. त्या काळच्या महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती संस्थांचा कारभार परदेशी मिशनऱ्यांच्या हाती असे. केडगावात परदेशी बाया राबायला येत, पण हुकूम चाले तो एका मराठी बाईचा. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन पंथात झाला, तरी त्यांनी कोणत्याच पंथाच्या बिशपचे जू मानेवर घेतले नाही. त्यांच्या हयातीत मुक्ती मिशन कुठल्या एका चर्चच्या ताब्यात गेले नाही.

मुक्तीबद्दल ज्यांनी वाचले आहे, दौंड-केडगावकडचे जे कुणी आहेत, त्यांनी भर घालावी.

शाईचेबोट

फार चांगला विषय. छापखान्याचा उल्लेख राहिला, म्हणून लिहिते.

मुक्तीचा छापखाना हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली तिथे खिळे (छपाईचे सुटे अक्षरठसे) जुळवायला शिकल्या. जुळारीकाम म्हणजे काय ते ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना कळेल. देवनागरीचे खिळे रोमनपेक्षा किती तरी जास्त. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे यांनी खण भरलेले. प्रत्येक खिळा उलटा वाचायचा, हाताने उचलून ओळीत बसवायचा. छापून झाले की फॉर्म, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, मोडून प्रत्येक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. बांधणीसुद्धा तिथेच होई. मराठी मुद्रणाच्या इतिहासात बायका अशा मोठ्या संख्येने एवढ्या लवकर दिसतात त्या इथेच, असे मी माझ्या वाचनावरून म्हणेन. तरी आपल्याकडच्या मुद्रणाच्या चर्चेत केडगावचे नाव क्वचितच निघते.

आणि याच छापखान्यात रमाबाईंचे मराठी बायबल छापले गेले. त्याआधी मराठी बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ सालीच काढला होता आणि मुंबईत त्यानंतर नवी भाषांतरे झाली होती. रमाबाईंचे म्हणणे असे, की त्यातली भाषा शेतावरच्या बाईला कळत नाही, संस्कृत शब्दांनी ती जड झाली आहे. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, जिला हजारो श्लोक मुखोद्गत, तिनेच संस्कृतचा भार उतरवायला घेतला. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले.

मूळ भाषांमधून संपूर्ण बायबलचे एकहाती भाषांतर करणारी स्त्री जगात शोधून काढावी लागते. आमच्या वाङ्मयेतिहासात तिच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, याचे मला फार वाईट वाटते.

गावकूस

वाचतोय. जातीचा मुद्दा ठळक केलात ते बरे केले. अजून लिहा.

तर्कनिष्ठ

लेख माहितीपूर्ण आहे. रमाबाईंच्या विद्वत्तेबद्दल आणि धैर्याबद्दल मला आदर आहे. पण लेखात एक प्रश्न बाजूला राहिला आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

उपाशी मुलीला भाकरी देणारा हात आणि तिला बाप्तिस्म्याकडे नेणारा हात एकच असेल, तर तिच्या होकाराला अर्थ किती? या मुली लहान होत्या, अनाथ होत्या, परमुलखात होत्या. नकार देऊन त्या जाणार कुठे? १८९३ साली पुणेकरांनी जो आक्षेप घेतला त्यात सनातनीपणा असेल, पण रानडे-भांडारकर सनातनी नव्हते. ते स्वतः प्रार्थना समाजाचे, सुधारणेच्या बाजूचे. तटस्थतेचे वचन मोडले गेले म्हणून ते बाहेर पडले. आणि केडगावात तर वचनच उरले नाही, सगळा कारभार उघड ख्रिस्ती झाला.

हा आक्षेप केवळ महाराष्ट्रात घेतला गेला असेही नाही. त्याच दुष्काळांत उत्तरेत लाला लजपतराय आणि आर्य समाजाने हिंदू अनाथ मुलांसाठी मोहीम काढली, कारण मिशनरी अनाथाश्रमांत गेलेली मुले समाजाला कायमची मुकतात असे त्यांना दिसत होते. त्यांनी नुसता निषेध केला नाही, अनाथालये काढली. या बाजूचाही इतिहास सांगितला जावा.

सेवा आणि धर्मांतर एकत्र आले की सेवेची किंमत कमी होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

भीमथडी

तर्कनिष्ठ, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून मुक्तीचा इतिहास लिहिता येणार नाही.

१८९३ बद्दल तुमचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. रमाबाईंचे उत्तर असे होते, की मी कुणावर सक्ती केली नाही, माझ्या खोलीचे दार उघडे होते, मुली आपण होऊन येत. पण आश्रयाला आलेल्या मुलीपुढे आश्रयदात्रीचे उघडे दार हेही एक प्रकारचे आमंत्रणच असते. रानड्यांचे बाहेर पडणे मला समजते.

केडगावचा प्रश्न वेगळा आहे. तिथे बाईंनी कुणालाही तटस्थतेचे वचन दिले नव्हते आणि आपला हेतूही लपवला नाही. मुक्ती ख्रिस्ती संस्था आहे, इथे मुलींना ख्रिस्ताची शिकवण दिली जाईल, हे त्यांनी उघड लिहिले. म्हणजे कपटाचा आरोप लागू होत नाही. अल्पवयीन मुलीच्या संमतीचा प्रश्न मात्र उरतोच, आणि त्यावर मी बाईंची वकिली करणार नाही.

पण त्या मुलींसमोर त्या वेळी दुसरे काय होते तेही पाहू. सरकारी अन्नछत्र होते, जिथली अवस्था रमाबाईंनी वर्णन केली आहे. रस्त्यावर मुली विकत घेणारे होते. बहुतेकींसाठी मरण होते. लजपतरायांनी केले ते मोलाचे होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मध्य प्रांतातून आलेल्या या तीनशे मुलींसाठी पुण्यातून गाडीत बसून गेलेली बाई मात्र एकच होती. ज्या वर्तमानपत्रांनी १८९३ साली पंचवीस-तीस विधवांच्या धर्मासाठी रान उठवले, त्यांनी चार वर्षांनी या मुलींसाठी निवारा उभारला नाही. हे मी हिणवायला म्हणत नाही. त्या काळी समाजाची काळजी जातीच्या कुंपणापाशी थांबत होती, आणि ज्या संस्थेने ते कुंपण ओलांडले तिची नोंद त्यामुळेच कमी झाली, असे मला वाटते.

बाई सरकारच्या तोंडपूज्या होत्या, असाही समज दिसतो. १८९७ साली पुण्याच्या प्लेग छावणीत बायकांची कशी आबाळ होते यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये कडक पत्र लिहिले. सदनातल्या एका मुलीला छावणीत नेले होते, त्यावरून ते पेटले. सरकारला ते पत्र चांगलेच झोंबले. गव्हर्नरच्या नाराजीची पर्वा न करता लिहिणारी माणसे तेव्हा पुण्यात फार नव्हती.

उंबरठा

शारदा सदनाचे एक टोक हिंगण्यापर्यंत जाते, ते इथे जोडते.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी विवाह केला त्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, शारदा सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. मुंबईत सदन सुरू झाले तेव्हा त्या तिथे शिकायला गेल्या. बाया ख्रिस्ती झाल्या नाहीत. पंडिताबाईंबद्दलची कृतज्ञता त्यांनी आयुष्यभर मनात ठेवली आणि बोलूनही दाखवली. तीन वर्षांनी, १८९६ साली, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांच्या शिक्षणाचे काम धर्माचा प्रश्न न येता चालवावे, ही त्यामागची एक निकड होती, कारण शारदा सदनाचे प्रकरण ताजे होते. त्या अर्थाने १८९३च्या भांडणातून महाराष्ट्राला एक नाही, दोन संस्था मिळाल्या. एक हिंगण्याच्या माळावर वाढली आणि एक केडगावच्या.

तर्कनिष्ठ यांच्या प्रश्नाला माझे उत्तर यातच आहे. समाजाने नुसता आक्षेप न घेता पर्यायी संस्था उभी केली तेव्हा बायकांचे भले झाले. शहरातल्या आणि वरच्या जातींच्या विधवांसाठी तो पर्याय आला. दुष्काळातल्या शेतमजुराच्या पोरीसाठी यायला फार उशीर लागला.

महात्मा फुल्यांचाही इथे उल्लेख हवा. रमाबाईंनी धर्म बदलला म्हणून चहूकडून टीका होत असताना फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. शास्त्रे वाचलेल्या बाईला शास्त्रांत बाईची जागा काय ती दिसली, म्हणून तिने वाट बदलली, असा त्यांचा रोख होता.

नगरी

आमच्या नगरकडचे थोडे.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ साली नगरलाच वारल्या. फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ती त्यांच्या शाळा पाहून मिळाली. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहून निघाले. रेव्हरंड टिळकांनी याच मातीत ख्रिस्ती कीर्तने केली, अभंग रचले. दुष्काळांत नगरच्या मिशननेही अनाथ मुले सांभाळली, त्यांना सुतारकाम, विणकाम शिकवले. त्यामुळे मुक्तीचे काम एकटे, आभाळातून पडलेले नव्हते. आजूबाजूच्या जिल्ह्यांत अशी कामे चालू होती.

फरक भीमथडींनी सांगितला तोच. नगरचे मिशन बॉस्टनच्या बोर्डाला उत्तरदायी. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेले इस्पितळ प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्या इस्पितळाने दक्षिण महाराष्ट्राला शस्त्रक्रिया म्हणजे काय ते दाखवले, लांबलांबून लोक रेल्वेने मिरजेला येत. तिथेही निर्णय परदेशी मंडळींचेच. केडगावची बाई कुणाला विचारून चालत नव्हती.

या संस्थांचा गावांवर झालेला परिणाम बाप्तिस्म्याच्या आकड्यांत मोजू नये, असे मी नगरकर म्हणून आवर्जून सांगतो. शाळेत न गेलेल्या किती घरांत पहिली शिकलेली बाई, पहिली नर्स, पहिली मास्तरीण या शाळांमधून आली! त्यातल्या कितीतरी ख्रिस्ती झाल्याही नाहीत.

काळीजमीन

विहिरींबद्दल वाचून एक सांगावेसे वाटले. दौंडचा बराच भाग आज उसाने हिरवा दिसतो, तो धरणे, कालवे आणि बागायत आल्यानंतरचा. १८९६ साली तिथे बहुतेक ठिकाणी पावसाच्या भरवशावरची ज्वारी-बाजरी आणि मोकळा माळ. अशा जागी फळबाग करायची म्हणणे धाडसाचे होते. सगळा बेत विहिरीला पाणी लागण्यावर. छप्पन्नच्या दुष्काळात आजूबाजूची पाण्याची ठिकाणे आटत असताना एवढी वस्ती तिथे तगली, म्हणजे विहिरींनी साथ दिली. मला शेतीतले कळते म्हणून सांगतो, माणशी पाण्याचा नुसता हिशेब मांडला तरी दोन हजार माणसे, गुरे आणि मळा एवढे विहिरीवर काढणे म्हणजे मोटेचे बैल दिवसभर सुटत नसणार.

बायकांनी शेतात काय काय कामे केली याची माहिती मिळाली तर जरूर लिहा.

दूरदेशी

१९०५ साली मुक्तीत जे धार्मिक जागरण झाले त्याचा पडसाद कुठवर गेला, ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल.

त्या वर्षी केडगावात मुलींचे गट रोज प्रार्थनेला जमत आणि तिथून एक जोराची लाट उठली. मिनी एब्राम्स ही मेथडिस्ट मिशनरी तिथे रमाबाईंची सहकारी होती. तिने या अनुभवावर १९०६ साली एक पुस्तिका लिहिली. ती पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या वालपाराइसो बंदरात विलिस हूव्हर या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचली. तिथे त्यातून चळवळ सुरू झाली आणि १९०९ पासून चिलीत पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती) मंडळी उभी राहिली. ती आज त्या देशातली फार मोठी परंपरा आहे. पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक लॉस एंजेलिसमधल्या जागरणाबरोबर आता केडगावचेही नाव घेतात, कारण केडगावचे जागरण लॉस एंजेलिसच्या आधीचे आहे.

मी स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, तेव्हा माझ्यासाठी ही केवळ इतिहासाची गोष्ट नाही. ज्या मुलींना दुष्काळात कुणी विचारले नाही, त्यांच्या प्रार्थनेचा आवाज दुसऱ्या खंडात ऐकू गेला.

तर्कनिष्ठ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. उंबरठा यांनी हिंगण्याचा धागा जोडला तो पटला. भीमथडींनी संमतीचा प्रश्न मान्य केला याबद्दल आभार.

माझे मत पूर्ण बदललेले नाही. मदतीला धर्माची जोड नसावी, असेच मी म्हणेन, मग ती संस्था कोणत्याही धर्माची असो. पण १८९३ची वृत्तपत्रे आणि १८९७ची वृत्तपत्रे शेजारी ठेवून पाहायला हवीत, हा मुद्दा मला नवीन होता. त्या चार वर्षांत पुण्यात दुष्काळ, प्लेग, रँडचा खून, लोकमान्यांवर खटला असे सगळे घडले. या धामधुमीत केडगावकडे लक्ष गेले नाही, असेही असू शकेल. तरी हे काम कुणीतरी नीट करायला हवे.

एक प्रश्न. रमाबाईंच्या पश्चात काय झाले? त्या गेल्यावर अशा व्यक्तिकेंद्रित संस्था बहुधा कोसळतात.

भीमथडी

तर्कनिष्ठ, ती भीती खरी ठरण्याची पुरती शक्यता होती. सगळी तयारी मनोरमेच्या भरवशावर होती. ती शिकलेली, कामात मुरलेली, आईची वारस. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. नऊ महिन्यांच्या आत आईही गेली. दोन पिढ्या एका वर्षात संपल्या.

तरी संस्था टिकली. सहकाऱ्यांनी कारभार उचलला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपासून अमेरिकेपर्यंतच्या वर्गणीदारांनी हात आखडता घेतला नाही. मला वाटते, खरे कारण केडगावातच होते. जमीन स्वतःची, विहिरी स्वतःच्या, आणि मुक्तीतच लहानाच्या मोठ्या झालेल्या बायका शिकवायला, शिवायला, रांधायला, रुग्ण सांभाळायला तयार. बाईंनी सुरुवातीला फळबागेचा विचार केला तो उत्पन्नासाठी. प्रत्यक्षात संस्थेला तारले ते तिथे घडलेल्या माणसांनी. आजही पंडिता रमाबाई मुक्ती मिशन केडगावात आहे. निराधार मुली आणि बायका, अपंग मुले यांचे संगोपन, शाळा आणि दवाखाना ही कामे चालतात.

काळीजमीन, बायकांच्या शेतकामाबद्दल : मळा, भाजीपाला, दूधदुभते आणि घाणा ही कामे मुलींना शिक्षणाचा भाग म्हणून दिली जात. सकाळी शाळा आणि उरलेल्या वेळी हाताला काम अशी वाटणी असे. एका धंद्यात तरी मुलगी तरबेज झाली पाहिजे, असा बाईंचा आग्रह होता. लग्न झाले नाही तरी तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा विचार.

दूरदेशी, चिलीची माहिती मोलाची आहे. शाईचेबोट, छापखान्यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. मुक्तीत छापलेली पुस्तके, पत्रके, जुन्या प्रती कुणाच्या घरी असतील तर त्यांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे तिथे डकवता येतील. दौंड, शिरूर, बारामतीकडच्या वाचकांनी घरातल्या जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात.

शाईचेबोट

काढते. माझ्याकडे जुळारीकामाच्या साधनांची चित्रे आहेत, ती आधी लावते. बायबलच्या १९२४च्या आवृत्तीची प्रत कुणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.